विकिपीडियावर वादाचा विषय तटस्थपणे कसा लिहावा: सीमाप्रश्नाच्या लेखावरून, टप्प्याटप्प्याने

मराठी विकिपीडियावरचे वादग्रस्त लेख भांडणापेक्षा एकमतानेच जास्त बिघडतात. बेळगावबद्दल एखादे एकतर्फी वाक्य इंग्रजी विकिपीडियावर टाकले, तर कन्नड बाजूचा कोणीतरी ते उलटवतो, म्हणजे पूर्ववत करतो, चर्चा पानावर जाब विचारतो, संदर्भ मागतो. मराठीत तेच वाक्य वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. लिहिणारा मराठी, वाचणारा मराठी, तपासणाराही मराठी, खटकणार कोणाला? म्हणून इथे हरकत घेणारा माणूस लिहिणाऱ्यालाच आपल्या डोक्यात बसवून घ्यावा लागतो.

दुसरी चूक क्रमाची. आधी मनातले लिहून काढायचे, मग त्याला जुळणारे संदर्भ शोधायचे आणि शेवटी ‘अन्यायकारक’, ‘जुलमी’ अशी चार विशेषणे पुसली की लेख तटस्थ झाला असे समजायचे. विशेषणे पुसणे हे सगळ्यात सोपे काम आहे आणि ते सगळ्यात शेवटी येते. खरा कल बसलेला असतो निवडीत: कोणते पुस्तक उघडले, कोणता आकडा घेतला, कोणती घटना गाळली, कोणता मथळा दिला.

उदाहरणासाठी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न घेतो आहे, कारण मराठी माणसाला तटस्थ राहायला याहून अवघड विषय क्वचितच असेल. हीच पद्धत आरक्षण, एखादे नामांतर, राजकीय पक्ष किंवा गावच्या देवस्थानाचा लेख यांनाही लागू पडते. बेळगाव महाराष्ट्रात यावे असे तुम्हाला मनापासून वाटत असले, तरी तुम्ही हा लेख लिहू शकता. तटस्थ असायला हवा तो लेख. तुमचे मत तुमच्यापाशी राहू द्या.

## टप्पा १: दोन्ही बाजू कागदावर उतरवा

धूळपाटी (विकिपीडियावरचे कच्च्या लेखनाचे पान) उघडण्याआधी कोऱ्या कागदावर दोन परिच्छेद लिहा. पहिल्यात महाराष्ट्राची बाजू, दुसऱ्यात कर्नाटकची. हे विकिपीडियावर टाकायचे नाही, कोणाला दाखवायचेही नाही.

पहिला परिच्छेद भराभर होतो. खेडे हा घटक धरावा, प्रदेश सलग असावा, भाषिक बहुसंख्या पाहावी, लोकांची इच्छा विचारात घ्यावी. या कसोट्या लावल्या तर ही गावे महाराष्ट्रात येतात. हे बहुतेकांना तोंडपाठ असते. दुसऱ्या परिच्छेदाला मात्र हात अडखळतो आणि ‘कर्नाटकला मराठी माणूस नको आहे’ यापलीकडे काही सुचत नाही. असे झाले तर अजून लिहायची वेळ आलेली नाही, कारण ती कर्नाटकची बाजू नाही. ते आपण तिच्याबद्दल करून घेतलेले मत आहे. कर्नाटकचे म्हणणे साधारण असे आहे: सीमा संसदेने १९५६च्या कायद्याने ठरवल्या, राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेला आहे, त्यामुळे हा प्रश्न न्यायालयाने सोडवण्याचा नाही, या सीमावादावर शिफारशी करणारा महाजन आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहामुळे नेमला गेला, तर त्याचा अहवाल त्यांनी मानावा, आणि बेळगाव जिल्हा एकूण पाहिला तर तिथे कन्नड भाषक जास्त आहेत.

हे पटले पाहिजे असे नाही. पण धारवाडच्या एखाद्या प्राध्यापकाने वाचून ‘हो, आम्ही हेच म्हणतो’ असे म्हणावे, इतपत ते नेमके लिहिता आले पाहिजे.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्या. तुम्ही महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून काम करणारी संघटना) किंवा एखाद्या कन्नड संघटनेचे पदाधिकारी असाल, या दाव्याशी संबंधित काम करत असाल किंवा लेखात ज्यांचे नाव येणार त्यांचे नातलग असाल, तर ते आपल्या सदस्य पानावर लिहा. लेखात थेट बदल न करता चर्चा पानावर सुचवा.

तपासा: दुसऱ्या परिच्छेदात ‘म्हणे’, ‘कांगावा’, ‘आडमुठेपणा’ यांपैकी काही उतरले आहे का? असल्यास तो परिच्छेद पुन्हा लिहा.

## टप्पा २: संदर्भ जमवा, लेखाचे एकही वाक्य न लिहिता

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. एक तक्ता करा. त्यात चार रकाने: विधान, ते कुठे मिळाले, तो स्रोत कोणाचा आहे, आणि तो कशासाठी चालेल. शेवटचा रकाना लोक भरत नाहीत आणि तिथेच फसतात. तोच स्रोत एका कामाला उत्तम असतो आणि दुसऱ्या कामाला निरुपयोगी.

राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ कोणता जिल्हा कुठे गेला हे सांगायला पुरेसा आहे. ते योग्य झाले की नाही, यावर तो काहीच सांगत नाही. महाजन आयोगाचा अहवाल (आयोगाची नेमणूक १९६६, अहवाल १९६७) आयोगाने काय शिफारस केली यासाठी वापरा. शिफारस बरोबर होती की चूक, यासाठी नको. महाराष्ट्र शासनाची प्रकाशने महाराष्ट्राची भूमिका सांगायला सर्वांत चांगली, कर्नाटक शासनाची कर्नाटकची. मराठी विश्वकोश मूलभूत माहितीसाठी उपयोगी आहे, पण त्यातली वाक्ये जशीच्या तशी उचलू नका. वृत्तपत्रातली बातमी घटनेसाठी चालते. अग्रलेख फक्त ‘या वृत्तपत्राचे मत असे’ एवढ्यापुरता. अर्थ लावायचा असेल, म्हणजे वाद का चिघळला, कोणते तत्त्व कुठे लागू पडते असले काही, तर भाषिक राज्यरचनेवर काम केलेल्या अभ्यासकांचे लेखन शोधा. ते मिळत नसेल तर अर्थ लावू नका, घटना लिहा आणि थांबा.

व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर, पक्षाचे पत्रक, कोणाची फेसबुक भिंत हे तक्त्यात येतच नाहीत. दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया हाही संदर्भ नव्हे. पण तिथल्या तळटीपा जरूर चाळा. कन्नड येत नसेल तर कन्नड विकिपीडियावरचा लेख यंत्रानुवादाने वाचा, त्यांनी कोणती पुस्तके आणि कोणते निकाल वापरले ते टिपून घ्या, आणि त्यांतले जे इंग्रजीत मिळेल ते मुळातून वाचा. निदान बंगळूरुहून निघणारी इंग्रजी दैनिके तरी त्या त्या तारखांना उघडून पाहा. एकाच दिवसाच्या घटनेची मुंबईतली आणि बंगळूरुतली बातमी शेजारी ठेवली की कोणत्या बातमीत काय गाळले आहे ते लगेच दिसते.

आता आकडे. या विषयात तीन जागी लोक हमखास घसरतात.

वादातली गावे किती? काही ठिकाणी ८१४, काही ठिकाणी ८६५ असे मिळेल. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने केलेल्या ठरावाच्या बातम्यांत ८६५ आहे. दोन्ही आकडे महाराष्ट्राच्या मागणीचे आहेत, म्हणून ‘८६५ मराठी गावे कर्नाटकात आहेत’ असे लेखाच्या आवाजात लिहू नका. ‘२०२२च्या ठरावात महाराष्ट्राने ८६५ गावांवर दावा केला’ असे लिहा.

महाजन आयोगाने कोणाला किती दिले? २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, हे बहुतेक स्रोतांत सारखे आहे. २४७ या आकड्याचे मात्र दोन अर्थ फिरतात. काही बातम्या लिहितात की बेळगाव शहर आणि २४७ गावे कर्नाटककडेच राहावीत. काही लिहितात की दक्षिण सोलापूर, अक्कलकोट अशा भागातली २४७ गावे महाराष्ट्राकडून कर्नाटकला द्यावीत. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा वेळी आवडेल तो अर्थ घ्यायचा नसतो. अहवालाचे पान उघडायचे असते. पान हाती लागेपर्यंत तो आकडा लेखात नको.

भाषक किती टक्के? कोणत्या वर्षाची जनगणना आणि कोणता घटक, हे सांगितल्याशिवाय टक्केवारीला काही अर्थ नाही. बेळगाव शहराचा आकडा, बेळगाव तालुक्याचा आकडा आणि बेळगाव जिल्ह्याचा आकडा वेगवेगळी चित्रे दाखवतात. जिल्हा घेतला की कर्नाटकची बाजू भक्कम दिसते. शहर, तालुका किंवा खेडे घेतले की महाराष्ट्राची. घटक कोणता धरायचा हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. म्हणून एकच आकडा देऊन मोकळे होणे म्हणजे निकाल देणे. दोन्ही द्या, वर्षासकट, आणि कोणती बाजू कोणता घटक धरते ते लिहा.

सावधान: तक्त्यातला तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. सगळीकडे ‘मराठी दैनिक’ किंवा ‘महाराष्ट्र शासन’ असेल, तर पुढच्या टप्प्यांवर कितीही मेहनत घेतली तरी लेख एकतर्फीच होणार. मागे जा.

## टप्पा ३: कशाला किती जागा, ते ठरवा

तटस्थ म्हणजे निम्मे-निम्मे, हा समज काढून टाका. विश्वसनीय स्रोतांत ज्या मताला जेवढे स्थान आहे, तेवढे लेखात. तक्त्यातल्या विधानांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग निर्विवाद गोष्टींचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी काय बदलले, महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, म्हैसूर राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. यांना दोन बाजू नाहीत, सरळ लिहायचे. बेळगावचा कारभार आज कर्नाटक पाहते हेही इथेच. ‘कर्नाटक शासनाच्या मते बेळगाव कर्नाटकात आहे’ असे एखादा अतिसावध लेखक लिहून जातो. ते तटस्थ तर नाहीच, उलट खोडसाळ आहे.

दुसरा ढीग खऱ्या मतभेदांचा: खेडे की जिल्हा, आयोग बंधनकारक की नाही, न्यायालय की संसद. लेखाचा गाभा हा. दोन्ही राज्यांची बाजू इथे सविस्तर यावी, आणि तिसराही आवाज यावा, जो दोन्हीकडचे लेखक विसरतात. सीमेवर दोन्ही भाषा बोलणारी घरे आहेत. सरकारी कागदपत्रे आपल्या भाषेत मिळावीत, फलकांवर आपली भाषा असावी, एवढ्यावर बोलणारे लोक आहेत. भाषिक अल्पसंख्याकांचा प्रश्न राज्य बदलण्याच्या प्रश्नापासून वेगळा मांडणारे अभ्यासक असतील, तर त्यांनाही जागा द्या.

तिसऱ्या ढिगात उरलेले सगळे: एखाद्या नेत्याने सभेत केलेली वल्गना, दिवसभर गाजलेले आणि दुसऱ्या दिवशी विसरलेले वक्तव्य, समाजमाध्यमांवरचे ‘पुरावे’. याला जागा नाही. समतोल दिसावा म्हणून दोन्हीकडची एकेक वल्गना घेणे ही तर दुप्पट चूक.

काय गाळले तेही पाहा. मराठी लेखांत साधारणपणे महाराष्ट्राची मागणी येते, पण कर्नाटकही महाराष्ट्रातल्या भागांवर हक्क सांगते हे येत नाही. २०२२च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील ४० गावांचा विषय काढला होता. अक्कलकोट आणि सोलापूरची नावेही वेळोवेळी येतात. हे वगळून लिहिलेला लेख अपुरा तर असतोच, शिवाय वादाला एकच दिशा आहे असे चुकीचे चित्र उभे करतो.

जागेचा विचार वेगवेगळ्या लेखांतही करावा लागतो. ‘बेळगाव’ हा शहरावरचा लेख आहे. त्यात किल्ला हवा, छावणी हवी, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र हवे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ हवे, महात्मा गांधी अध्यक्ष असलेले १९२४चे काँग्रेस अधिवेशन हवे, आणि कुंदा ही तिथली मिठाईही हवी. तिथे सीमाप्रश्नाचा एक नेटका विभाग पुरे, बाकी तपशील सीमाप्रश्नाच्या स्वतंत्र लेखात. शहराच्या लेखाचा मोठा भाग वादानेच व्यापला असेल, तर प्रत्येक वाक्याला संदर्भ असूनही तो लेख कललेला आहे. याच्या उलट, एका लेखात आपले म्हणणे टिकत नाही म्हणून ‘सीमाभागातील अन्याय’ असा दुसरा लेख काढणेही चालत नाही. एका विषयाला एकच घर.

## टप्पा ४: आधी मथळे, मग मजकूर

आता धूळपाटी उघडा आणि फक्त मथळे लिहा. ‘न्याय्य लढा’, ‘कर्नाटकची दडपशाही’, ‘केंद्राची अनास्था’ हे मथळे म्हणजे निकालपत्र झाले. ‘१९५६ची पुनर्रचना’, ‘महाजन आयोग’, ‘दोन्ही राज्यांच्या भूमिका’, ‘आंदोलने’, ‘न्यायालयीन दावा’, ‘२०२२मधील घडामोडी’ अशा मथळ्यांखाली कोणाचेही म्हणणे बसते.

‘टीका’ किंवा ‘वाद’ नावाचा विभाग शेवटी जोडू नका. मुख्य विभागांत एक बाजू सलग सांगायची आणि दुसरी बाजू खाली कोंबायची, असा त्याचा परिणाम होतो. आयोगावरचे आक्षेप आयोगाच्याच विभागात, शिफारशींच्या लगेच नंतर.

प्रस्तावनेचा परिच्छेद शेवटी लिहा. बरेच वाचक तेवढाच वाचतात, म्हणून तिथे दोन्ही राज्यांची भूमिका एकेका वाक्यात आली पाहिजे. इंग्रजी लेखाचे भाषांतर करून सुरुवात करणार असाल तर तिथला कलही सोबत येतो, हे ध्यानात ठेवा. भाषांतर झाल्यावर टप्पा ३चे तीन ढीग पुन्हा करा.

तपासा: नुसती अनुक्रमणिका वाचून लेखक कोणत्या राज्याचा आहे हे ओळखता येते का?

## टप्पा ५: वाक्ये

एक वाक्य तीन अवस्थांतून नेऊन दाखवतो. पहिली:

‘१९५६ साली बेळगाव, कारवार, बिदर हा मराठी मुलूख अन्यायाने म्हैसूर राज्यात डांबण्यात आला.’

बहुतेक जण याला असे ‘सुधारतात’:

‘१९५६ साली बेळगाव, कारवार, बिदर हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात टाकण्यात आला.’

‘अन्यायाने’ गेले, ‘डांबण्यात’चे ‘टाकण्यात’ झाले. पण ‘मराठी मुलूख’ तसेच आहे, आणि तो मराठी मुलूख आहे की नाही हाच तर वाद आहे. शिवाय माहितीही चुकली आहे. बिदर मुंबई राज्यात नव्हतेच. ते हैदराबाद राज्यातून आले. भावना पुढे असली की असा तपशील डोळ्यांआड होतो. तक्ता समोर ठेवून लिहिले तर:

‘राज्य पुनर्रचना अधिनियमानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड, उत्तर कन्नड (कारवार) आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव हे जिल्हे म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले, बिदरचा भाग हैदराबाद राज्यातून आला. यांपैकी मराठी भाषक बहुसंख्य असल्याचे महाराष्ट्र ज्या गावांबाबत सांगतो, ती महाराष्ट्रात यावीत अशी त्या राज्याची मागणी आहे. १९५६चा निर्णय अंतिम असल्याची कर्नाटकची भूमिका आहे.’

कोरडे वाटते? वाटू द्या.

मत कोणाचे ते वाक्यातच सांगा. ‘महाजन आयोगाचा अहवाल पक्षपाती होता’ हे लेखाचे मत झाले. ‘अहवाल पक्षपाती असल्याचे सांगून महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकने त्याची अंमलबजावणी मागितली’ ही माहिती झाली. ‘असे मानले जाते’, ‘सर्वश्रुत आहे’, ‘जाणकारांच्या मते’, ‘अनेकांचा आरोप आहे’ हे दिसले की विचारा: कोण मानते? कोणते जाणकार? नाव सापडले तर लिहा, नाही तर वाक्य काढा. ‘संदर्भ हवा’ हा साचा (विकिपीडियावरची तयार खूण) दुसऱ्याच्या वाक्याला लावायची सोय आहे. आपल्याच वाक्याला लावून ते प्रकाशित करणे म्हणजे पळवाट.

क्रियापदांवर लक्ष ठेवा. महाराष्ट्राचे मंत्री ‘स्पष्ट करतात’, ‘निदर्शनास आणतात’, ‘दाखवून देतात’. कर्नाटकचे मंत्री ‘दावा करतात’, ‘कबूल करतात’, ‘अकलेचे तारे तोडतात’. वृत्तपत्रांतून उचललेल्या मजकुरात ही वाटणी इतकी सफाईने झालेली असते की ती जाणवतही नाही. दोघांनाही ‘म्हणाले’ किंवा ‘सांगितले’ वापरा. ‘दावा’ शब्द न्यायालयातल्या दाव्यासाठी आणि प्रदेशावरच्या हक्कासाठी ठेवा, आणि तोही दोन्ही राज्यांसाठी सारखाच.

मराठीत कल लपायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे बारीक शब्द. ‘मात्र आयोगाने बेळगाव शहर कर्नाटककडेच ठेवले.’ या वाक्यात एकही विशेषण नाही, तरी लेखकाचा विरस ऐकू येतो: सुरुवातीच्या ‘मात्र’मध्ये आणि ‘कडेच’च्या शेवटच्या ‘च’मध्ये. ‘आयोगाने बेळगाव शहरावरील महाराष्ट्राची मागणी मान्य केली नाही’ असे लिहिले की पुरते. ‘च’, ‘मात्र’, ‘केवळ’, ‘चक्क’, ‘अखेर’, ‘तरीही’ हे शब्द संगणकावर एकेक शोधा आणि प्रत्येकाला विचारा की याचे इथे काय काम आहे. ‘आपले राज्य’, ‘आपली माणसे’, ‘सीमाबांधव’ हे तर थेटच काढा. विकिपीडियाला ‘आपण’ नसते, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातला कन्नड भाषकही मराठी विकिपीडिया वाचू शकतो.

मग येतो आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न, जो इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कधी पडत नाही. आपल्या बाजूचा माणूस ‘ते म्हणाले’ आणि समोरच्या बाजूचा ‘तो म्हणाला’, हे आपण नकळत करतो. इतिहासावरच्या लेखांत तर सर्रास. एका लेखात एकच माप लावा. यशवंतराव चव्हाण ‘म्हणाले’ तर म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री असलेले निजलिंगप्पाही ‘म्हणाले’. पदव्या आणि बिरुदे दोघांचीही सारखीच कमी करा: ‘मा.’, ‘कै.’, ‘लोकनेते’, ‘झुंजार’ यांची गरज नाही. ‘हुतात्मा’ लिहायचे तर कोण तसे म्हणते ते सांगून: ‘महाराष्ट्र एकीकरण समिती १७ जानेवारी हा हुतात्मा दिन म्हणून पाळते.’ त्याच रीतीने ‘१ नोव्हेंबर हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो, समिती तो काळा दिन म्हणून पाळते.’ या वाक्यात कोणालाही बदलण्यासारखे काही सापडत नाही.

## टप्पा ६: नाव, नकाशा, वर्ग

लेखाचे शीर्षक मराठीत रुळलेले असावे, म्हणून ‘बेळगाव’. पण १ नोव्हेंबर २०१४पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे, हे पहिल्याच वाक्यात हवे, आणि ‘बेळगावी’वरून या लेखाकडे पुनर्निर्देशन हवे. आत एकच नाव शेवटपर्यंत वापरा. १९७३पूर्वीच्या घटनांत ‘म्हैसूर राज्य’, नंतर ‘कर्नाटक’.

नकाशात वादातला भाग महाराष्ट्राच्या रंगात रंगवलेला नको. चित्रांच्या ओळीही मजकुराइतक्याच काटेकोर लिहा. सुवर्ण विधानसौधाच्या (बेळगावातली कर्नाटक विधिमंडळाची इमारत) छायाचित्राखाली ‘बेळगाववर हक्क दाखवण्यासाठी बांधलेली इमारत’ असे लिहिले तर वरची सगळी मेहनत वाया. माहितीचौकटीत राज्य: कर्नाटक. वर्ग जोडताना बेळगावला ‘महाराष्ट्रातील शहरे’ या वर्गात टाकू नका.

## टप्पा ७: प्रकाशित करण्याआधी उलटे वाचा

मसुदा एक रात्र तसाच ठेवा. मग त्याची प्रत काढून ‘महाराष्ट्र’च्या जागी ‘कर्नाटक’, ‘कर्नाटक’च्या जागी ‘महाराष्ट्र’, ‘मराठी’च्या जागी ‘कन्नड’ आणि उलट, अशी अदलाबदल करा. माहिती अर्थातच चुकीची होईल, तिकडे पाहू नका, सूर ऐका. जे वाक्य वाचून तुम्हाला राग येईल, ते मूळ मसुद्यात दुरुस्त करायचे.

दुसरी चाचणी तळटीपांची. मराठी स्रोतांच्या सगळ्या तळटीपा झाकल्या तर लेखातले किती उभे राहते? कर्नाटकच्या भूमिकेचा परिच्छेद मराठी वृत्तपत्रांवरच उभा असेल, तर तो त्यांची भूमिका सांगत नसून आपल्याला ऐकू आलेली त्यांची भूमिका सांगतो आहे.

## टप्पा ८: बदल टाकणे आणि चर्चा

जुना लेख असेल तर तो एका फटक्यात बदलू नका. ‘इतिहास पहा’ उघडून आधी कोणी काय लिहिले, काय उलटवले गेले ते वाचा. चर्चा पानावर जुना वाद असेल तर त्याचे उत्तर तुमच्या मसुद्यात आहे ना, ते पाहा. मग एकेक विभाग बदला आणि दर वेळी सारांशात काय केले ते लिहा. ‘सुधारणा’ हा सारांश नव्हे. ‘महाजन आयोग: शिफारशींचा संदर्भ जोडला, निनावी मत काढले’ हा सारांश.

कोणी उलटवले, तर पुन्हा लगेच टाकू नका. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते. पण नियम असो वा नसो, दुसऱ्यांदा उलटवण्यापूर्वी चर्चा पानावर गेलेच पाहिजे. तिथे माणसाविषयी बोलू नका, वाक्याविषयी बोला:

‘आयोगाच्या विभागातील दुसरे वाक्य मी बदलले होते, कारण त्यातील मत कोणाचे ते दिलेले नव्हते. आपण ते पूर्ववत केले आहे. या मताला एखादा संदर्भ असल्यास नावासह ते ठेवू या. नसल्यास वाक्य वगळावे असे सुचवतो. इतरांनीही मत द्यावे.’

खाली सही करा आणि थांबा. मराठी विकिपीडियावर नियमित संपादन करणारे थोडे आहेत, त्यामुळे दोन दिवसांत उत्तर आले नाही म्हणजे संमती मिळाली असे धरू नका. आठवडाभर वाट पाहा, मग चावडीवर (सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) दुवा देऊन लक्ष वेधा. तरीही कोणी बोलले नाही, तर सुचवलेला बदल करा आणि सारांशात चर्चेचा उल्लेख करा. प्रकरण वैयक्तिक होऊ लागले तर प्रचालकांना, म्हणजे देखरेखीचे अधिकार असलेल्या सदस्यांना सांगा. पण कोणते वाक्य राहावे हे ठरवून द्यायला प्रचालक न्यायाधीश नाहीत.

सावधान: तुमच्या बाजूचे चार मित्र बोलावून चर्चा पानावर ‘सहमत’ लिहून घेणे ही फसवणूक आहे. सहमती मुद्द्यांवर ठरते, डोकी मोजून नाही.

## टप्पा ९: नंतरची देखभाल

लेख निरीक्षणसूचीत टाका, म्हणजे त्यातले बदल तुम्हाला दिसत राहतील. ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘नुकतेच’, ‘अजूनही प्रलंबित’ हे शब्द लेखात ठेवू नका. त्याऐवजी महिना आणि वर्ष लिहा, म्हणजे वाक्य जुने झाले तरी खोटे होत नाही. दर १ नोव्हेंबरला आणि दोन्ही राज्यांच्या हिवाळी अधिवेशनांच्या काळात या लेखावर नव्या संपादनांची गर्दी होते. त्या दिवसांत आलेला मजकूर लगेच उलटवू नका, पण दोन आठवड्यांनी परत येऊन विचारा: ही घटना अजून कोणी उल्लेखते आहे का? डिसेंबर २०२२मध्ये आधी कर्नाटक आणि मग महाराष्ट्र, दोन्ही विधिमंडळांनी ठराव केले, ते राहतील. त्याच आठवड्यातली बहुतेक वक्तव्ये राहणार नाहीत.

न्यायालयाचा एखादा आदेश आला, तर आधी ‘न्यायालयीन दावा’ विभागात तारखेसह काय आदेश झाला तेवढेच लिहा. मग प्रस्तावना पाहा, मग दोन्ही राज्यांच्या प्रतिक्रिया, प्रत्येकी एका वाक्यात आणि त्या त्या बाजूच्या स्रोतासह. आदेशाची प्रत वाचण्याआधी दूरचित्रवाणीच्या पडद्याखाली धावणाऱ्या ओळीवरून प्रस्तावना बदलू नका.